आठवड्याची बैठक आणि तिचे दप्तर

सेवामंडळाचे खरे काम शाळेत, दवाखान्यात किंवा नदीच्या काठी होते आणि आठवड्याची बैठक ही त्या कामाआधी उरकून घ्यावयाची एक औपचारिकता असते, अशी समजूत रोटरी, लायन्स यांसारख्या मंडळांत नव्याने दाखल झालेल्या सभासदांत सर्रास आढळते. मीही माझी पहिली दोन वर्षे याच समजुतीत घालविली. बैठकीला उशिरा जावे, नाश्ता करावा, वक्त्याचे भाषण अर्धेमुर्धे ऐकावे आणि कंपनीच्या बसची वेळ झाली म्हणून आभारप्रदर्शनाच्या आधीच उठावे, असा माझा क्रम होता. ही समजूत मोडली ती मुळशी तालुक्यातील एका शाळेच्या व्हरांड्यात.

आमच्या मंडळाने त्या शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले होते. नारळ फुटला, फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. सात-आठ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूस जाणे झाले, तेव्हा यंत्राच्या तोटीला सुतळीने बांधलेला स्टीलचा पेला तसाच लोंबत होता, त्याच्या तळाशी कोळ्याने जाळे धरले होते, आणि मुले अंगणातील हापशावर ओंजळीने पाणी पीत होती. आतील गाळणी तुंबली होती, एवढाच बिघाड. ती बदलण्यास माणसाची एक दुपार पुरली असती. परंतु ती कोणी बदलायची हे शाळेला ठाऊक नव्हते आणि आम्ही ते कधी ठरविलेच नव्हते. घरी परतल्यावर मी सचिवांकडून इतिवृत्ताचे रजिस्टर मागवून घेतले. उद्घाटनाच्या दिवसाची नोंद सव्वा पान भरली होती. पाहुण्यांची नावे, हारतुरे, आभार, सारे यथासांग होते. देखभालीविषयी मात्र एक ओळ नव्हती, आणि पुढच्या एकतीस बैठकांच्या नोंदींत त्या शाळेचे नाव एकदाही आलेले नव्हते.

दिलेल्या शब्दाची विचारणा ज्या जागी होते ती जागा म्हणजे बैठक, हे मला त्या रात्री समजले, आणि हिंजवडीसारख्या ठिकाणी, जेथे सभासद दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात, घर बदलतात, कधी देशही बदलतात, तेथे मंडळाची स्मृती माणसांच्या डोक्यात टिकत नसून ती दप्तरातच टिकवावी लागते, या निष्कर्षाप्रत मी आलो. पुढील सूचना त्या अनुभवातून आलेल्या आहेत. त्या प्रामुख्याने हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या पट्ट्यातील मंडळांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहेत. इतरांनी आपापल्या गावाच्या रीतीप्रमाणे त्यांत फेरफार करावेत.

आठवड्यातून एकदा एकत्र बसण्याची ही पद्धत आली कोठून, हे थोडक्यात ध्यानी घेतले तर तिचे प्रयोजन अधिक स्पष्ट होते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांना एकत्र बोलाविले. त्यांत एक खाणीचा अभियंता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक होता. सुरुवातीच्या या बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, आणि या फिरण्यावरूनच संस्थेला रोटरी हे नाव पडले. दुसऱ्याचा धंदा त्याच्या जागेवर जाऊन पाहावा, हा त्या फेऱ्यांमागील लाभ होता. पुढे १९१७ मध्ये त्याच शहरात मेल्व्हिन जोन्स यांच्या प्रेरणेने लायन्स मंडळांची स्थापना झाली, आणि १९२० च्या आरंभी कलकत्त्याच्या क्लबास सनद मिळून भारतात रोटरीचे अधिकृत पाऊल पडले. परंतु ठरल्या वेळी एकत्र जमून सार्वजनिक कार्याचा विचार करण्याची शिस्त पुण्याला परक्यांकडून शिकावी लागली, असे मानण्याचे कारण नाही. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेत सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान पन्नास माणसांचे मुखत्यारनामे आणावे लागत, म्हणजे सभेत बोलणारा माणूस स्वतःपुरता बोलत नसे. ज्या वर्षी शिकागोत ती पहिली बैठक झाली त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची मुहूर्तमेढ रोवली. मुखत्यारनाम्याची अट आज कोणी घालणार नाही. पण बैठकीला बसताना आपल्यामागे कोणती पन्नास माणसे आहेत, असा प्रश्न प्रत्येक सभासदाने मनाशी विचारावा, असे मला कळकळीने वाटते.

आता वार आणि वेळ. हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण हिंजवडीत मंडळे मोडतात ती बहुधा याच प्रश्नावर. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, विजेच्या वाटपाच्या जुन्या व्यवस्थेमुळे, गुरुवारी असते. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानातील कंपन्या शनिवार-रविवार बंद असतात. आणि गावातील दुकानदार, दवाखानेवाले यांची सुट्टी या दोहोंशी जुळत नाही. शिकागोतील ती पहिली बैठक गुरुवारीच झाली होती, हा योगायोग कारखानदार सभासदांना सांगण्यासारखा आहे, परंतु केवळ त्यांच्या सोयीने गुरुवारची संध्याकाळ धरली तर संगणक क्षेत्रातील सभासद येऊ शकत नाहीत. त्यांची अडचण खरी असते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे ज्या प्रहरी आपण बैठक बोलावतो, नेमक्या त्याच प्रहरी तिकडच्या मंडळींशी त्यांचे फोन सुरू होतात. शिवाय सायंकाळी सहानंतर शिवाजी चौकातून भूमकर चौकापर्यंत येणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. शनिवार-रविवारी निम्मी मंडळी गावी गेलेली असतात.

तेव्हा माझा स्पष्ट सल्ला असा की, आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी, बुधवारी किंवा गुरुवारी, सकाळी साडेसातला बैठक घ्यावी आणि साडेआठला ती संपवावी. गुरुवारी कारखानदाराला सुट्टी असते, दोन्ही वारी संगणक अभियंत्याची कचेरी उघडलेली नसते, डॉक्टरांचा दवाखाना सुरू व्हायचा असतो, आणि कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागण्यापूर्वी माणूस जागेवर पोहोचू शकतो. एकदा वार ठरला की तो वर्षभर बदलू नये. ज्याला यायचे आहे तो वाराभोवती आपले इतर व्यवहार बसवितो, पण दर महिन्याला फिरणाऱ्या वाराशी कोणालाही जमवून घेता येत नाही. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, म्हातोबाच्या यात्रेत हिंजवडीहून वाकडला बगाड निघते त्या आठवड्यात बैठक ठेवू नये. त्या दिवशी गावातले सभासद यात्रेतच असणार, आणि बाहेरून येथे राहावयास आलेल्या सभासदांनीही त्यांच्याबरोबर असावे हे उत्तम.

२०१६ सालापासून रोटरीच्या नियमांत क्लबांना महिन्यातून किमान दोन बैठकांवर भागविण्याची मुभा देण्यात आली आहे, आणि अनेक क्लबांनी ती घेतली आहे. ती घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. तथापि पंचवीस-तीस सभासदांच्या मंडळाने, निदान पहिली पाच वर्षे, आठवड्याचा नेम सोडू नये. पंधरवड्याच्या बैठकीतून एक गैरहजेरी झाली की महिना उलटतो, आणि महिन्याने आलेला माणूस पाहुण्यासारखा बसतो. चारांपैकी एक बैठक सभागृहाबाहेर, चालू कामाच्या जागी घ्यावी, म्हणजे नेमही राहतो आणि पाहणीही होते. दूरदेशी गेलेल्या सभासदाला संगणकाच्या पडद्यावरून सामील करून घेण्यास हरकत नाही, २०२० च्या टाळेबंदीत त्या सोयीने कित्येक मंडळे तगली. पण वाकडमध्ये घरी बसलेल्या माणसाला ती सवलत देऊ नये.

सभासदांची निवड हा बैठकीचा पाया होय. शिकागोच्या त्या चौघांत कोणाचाही व्यवसाय दुसऱ्यासारखा नव्हता, आणि एका व्यवसायाच्या माणसांचीच गर्दी होऊ नये असा दंडक त्यातूनच पुढे रूढ झाला. हिंजवडीत या दंडकाची जितकी निकड आहे तितकी क्वचितच कोठे असेल, कारण येथे सहज मिळणारा सभासद हा एकाच प्रकारचा असतो. वीस संगणक अभियंत्यांचे मंडळ उत्तम तक्ते तयार करील, परंतु गावाच्या पाण्याची टाकी कोण भरतो, कोणत्या वाडीत दहावीनंतर मुलींची शाळा सुटते, मजुरांच्या वस्तीत दाई कोण आहे, हे त्या मंडळात कोणालाच ठाऊक नसेल. म्हणून अभियंत्यांबरोबर एखादा किराणा दुकानदार, एक निवृत्त शिक्षिका, गावातील जुन्या घराण्यातील एखादे शेतकरी, दवाखाना चालविणारे डॉक्टर, बांधकामाचे कंत्राटदार असे सभासद प्रयत्नपूर्वक मिळवावेत. स्त्रियांची संख्या मुद्दाम मोजावी; १९८९ पर्यंत रोटरीचे दार त्यांना बंद होते, आणि दार उघडल्यानंतरही बैठकीची वेळ स्वयंपाक आणि मुलांची शाळा यांच्या आड येत असेल तर ते उघडे दार व्यर्थ आहे. सभासदांना संबोधण्याची रीतही विचारपूर्वक ठेवावी. पंचाहत्तरीच्या शेतकऱ्यास गाव ज्या नावाने हाक मारते, आप्पा किंवा अण्णा, त्याच नावाने बैठकीतही हाक मारली तर ते मोकळेपणाने बोलतात. ‘सर’ म्हटले की गप्प होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या एका तासाची विभागणी कशी करावी? घंटा ठरल्या मिनिटाला वाजवावी, मग समोर चारच माणसे असोत. पाचव्या मिनिटाला आलेल्यांसाठी थांबणारा अध्यक्ष वेळेवर आलेल्यांना पुढच्या आठवड्यापासून उशिरा येण्यास शिकवितो. राष्ट्रगीत, वाढदिवस आणि विवाहदिनाच्या शुभेच्छा, पाहुण्यांची ओळख यांत मिळून दहा मिनिटांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये. रोटरीच्या क्लबांत चार प्रश्नांची कसोटी म्हणण्याची प्रथा आहे. शिकागोतील एक व्यावसायिक हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये, डबघाईस आलेली एक भांड्यांची कंपनी सावरताना, ते प्रश्न तयार केले होते. आपण बोलतो-करतो ते सत्य आहे काय, सर्व संबंधितांना न्याय्य आहे काय, त्याने सद्भाव आणि स्नेह वाढेल काय, आणि ते सर्वांच्या हिताचे होईल काय, असा त्यांचा आशय आहे. भांडी विकणाऱ्या माणसाने आपल्या जाहिरातीतील अतिशयोक्ती पकडण्यासाठी ते प्रश्न वापरले, हे नव्या सभासदास सांगितले म्हणजे त्यांचा उपयोग कळतो. एखादा ठराव मतास टाकण्यापूर्वी ते खरोखर विचारावेत.

यानंतरची दहा मिनिटे मी सर्वांत मोलाची मानतो. ही मागील शब्दांच्या विचारणेची वेळ. शाळेच्या त्या प्रकरणानंतर आमच्या सचिवांनी, जे पूर्वी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, लाल कापडी पुठ्ठ्याचे नवे रजिस्टर आणले आणि प्रत्येक पानाच्या उजव्या बाजूस पट्टीने तीन रकाने आखले: काम काय, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. चौथा रकाना त्यांनी बारीक ठेवला. त्यात काम झाल्यावर त्याच माणसाची सही घ्यावयाची. या चौथ्या रकान्याचे सामर्थ्य मला प्रथम उमगले नाही. दुसऱ्याने ‘झाले’ असे लिहिण्यात आणि आपण स्वतः सर्वांसमोर उठून सही करण्यात जे अंतर आहे, ते अनुभवल्यावाचून कळत नाही. एकदा एका सभासदाने सही करण्यासाठी लेखणी हातात घेतली, क्षणभर थांबला, आणि ‘गाळणी बसवली, पण पाणी तपासायला दिले नाही अजून,’ असे म्हणून लेखणी खाली ठेवली. ते काम पुढच्या बुधवारी पुरे झाले.

विचारणा करताना अध्यक्षांनी आवाज चढवू नये आणि कोणास लाजवू नये. काम राहिले असेल तर कारण विचारावे, नवी तारीख घ्यावी, आणि ती जुन्या तारखेखालीच लिहावी, जुनी खोडू नये. तीन तारखा झाल्या की ते काम दुसऱ्याकडे द्यावे. यात अपमान मानण्याचे कारण नाही, नोकरदार माणसाचा आठवडा त्याच्या हाती नसतो. ज्या कामाला नाव मिळत नाही असा ठराव संमत करू नये. ‘मंडळाच्या वतीने करण्यात यावे’ हे शब्द इतिवृत्तात दिसले की ते काम होणार नाही असे खुशाल समजावे. सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिण्याची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे, तिच्या जोडीला करणाऱ्याचे नाव येऊ द्यावे. इतिवृत्त मराठीत लिहावे. सभासदांत तेलुगू, तमिळ, हिंदी बोलणारे असतील तर बैठकीत त्यांच्या सोयीने बोलावे, पण दप्तर ज्या ग्रामपंचायतीला, शाळेला, आरोग्य केंद्राला दाखवावयाचे आहे, त्यांची भाषा मराठी आहे.

वक्त्यासाठी वीस मिनिटे आणि प्रश्नांसाठी दहा मिनिटे पुरेशी होतात. हे आगाऊ, निमंत्रणाच्या पत्रातच, लिहून कळवावे. १९२५ साली कलकत्त्याच्या रोटरी क्लबात गांधीजींचे भाषण झाले ते चरख्यावर; ऐकणारे बहुतेक व्यापारी आणि साहेब लोक, आणि विषय त्यांच्या नित्य जीवनापासून दूरचा. श्रोत्यांना जे ठाऊक नाही ते सांगणारा वक्ता शोधावा, हा बोध मी त्यातून घेतो. आपल्याकडे उलट घडते. संगणक अभियंत्यांच्या मंडळात संगणकावरची व्याख्याने होतात. त्याऐवजी तलाठ्यांना बोलावून सातबारा आणि फेरफार कसा वाचावा हे ऐका. सदनिका घेतलेल्या कित्येकांनी तो उतारा आयुष्यात एकदाही नीट पाहिलेला नसतो. माणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना पावसाळ्यातील रोगांवर विचारा. महावितरणच्या अभियंत्यास, वाहतूक पोलिसांस, अंगणवाडी सेविकेस बोलावा. वक्त्याला आणण्याची आणि परत पोहोचविण्याची जबाबदारी एका सभासदावर नावानिशी टाकावी. अंगणवाडी ताईंना रिक्षाचे भाडे खिशातून भरावे लागले, असा प्रसंग मंडळावर येऊ नये.

कोणता अर्ज कोणाच्या दप्तरी द्यावयाचा, याचे ज्ञान हिंजवडीत फार आवश्यक आहे, आणि ते मिळविण्याची जागाही बैठकच होय. उद्यानाच्या हद्दीतील रस्ते आणि पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडे. गावठाणातील दिवाबत्ती आणि कचरा ग्रामपंचायतीकडे. बांधकामाच्या परवानग्या २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. हद्द ओलांडून वाकडला आले की महानगरपालिका. आणि पोलिसांचा कारभार २०१८ पासून पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तालयाकडे. एकाच नाल्याची वरची बाजू एका कचेरीची आणि खालची दुसरीची, असे येथे घडते. प्रत्येक कचेरीसाठी एक सभासद नेमून ठेवावा, त्याने तेथील आवकजावक क्रमांकासह पत्रव्यवहाराची फाइल सांभाळावी, आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज दिला असे म्हणू नये.

कामे निवडताना चटकन संपणाऱ्या कामापेक्षा पुनःपुन्हा करावी लागणारी कामे घेण्याचे धैर्य मंडळाने दाखवावे. शेजारी वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबाने पवनेतील जलपर्णी काढण्याचे काम हाती घेतले आणि इतर संस्थांना सोबत घेऊन ते वर्षानुवर्षे चालविले. जलपर्णी एकदा काढून संपत नाही, ती पुन्हा वाढते, म्हणून हे काम दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसांनाच झेपते. पोलिओचेही तेच झाले. रोटरीने १९८५ मध्ये त्या रोगाविरुद्ध जगभर मोहीम उघडली. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा भूभाग पोलिओमुक्त ठरविला. त्या एकोणतीस वर्षांत वीटभट्ट्या, बांधकामांवरील वस्त्या, प्रवासातली कुटुंबे, म्हणजे एका जागी न राहणाऱ्यांची मुले शोधणे हेच सर्वांत कठीण गेले. हिंजवडीच्या प्रत्येक उंच इमारतीच्या पायथ्याशी तशी पत्र्याची वस्ती आजही असते, आणि इमारत पुरी झाली की ती उठून दुसरीकडे जाते. तेथील मुलांच्या लसीकरणाची यादी करून दर महिन्यास ती आरोग्य केंद्राशी ताडून पाहणे, हे एका लहान मंडळाला सहज जमण्यासारखे आणि फार गरजेचे काम आहे.

रक्तदान शिबिरांविषयीही एक सूचना करतो. पुरुषास तीन महिन्यांनी आणि स्त्रीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. तेव्हा एकाच दिवशी दोनशे बाटल्या जमविण्याच्या स्पर्धेत न पडता, दात्यांची तारीखवार यादी ठेवावी आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना रक्तपेढ्यांत टंचाई पडते तेव्हा, ज्यांची पाळी भरली आहे त्यांना फोन करावेत.

पैशाबद्दल नियम कडक हवेत. सभासदांच्या वर्गणीतून नाश्ता, सभागृहाचे भाडे आणि छपाई. देणगीच्या पैशातून केवळ सेवाकार्य. दोहोंची बँकखाती निराळी, कीर्द निराळी, आणि महिन्याच्या पहिल्या बैठकीत खजिनदारांनी दोन्ही खात्यांची शिल्लक तोंडी वाचून दाखवावी. देणगीदाराच्या पैशातून एक कप चहाही घेतला जाऊ नये. कंपन्यांचे साहाय्य घ्यावयाचे तर मंडळाचा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला, प्राप्तिकराच्या सवलतीचे दाखले घेतलेला आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केलेला असावा लागतो. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चण्याचे बंधन आहे, आणि जेथे कंपनी काम करते त्या परिसराला तिने प्राधान्य द्यावे, असे तो कायदाच म्हणतो. हिंजवडीच्या मंडळाने हे वाक्य अर्जात अवश्य उद्धृत करावे. अर्जासोबत रजिस्टरातील चौथ्या रकान्याच्या पानांच्या प्रती जोडाव्यात. दुरुस्त्या किती वेळा झाल्या हे ज्या संस्थेला दाखविता येते तिच्यावर देणारा अधिक विश्वास ठेवतो.

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते. आपल्या मुलखात तो काळ आषाढी वारीचा आणि मुळशीत भातलावणीचा असतो. शेतकरी सभासद गुडघाभर चिखलात असतात तेव्हा पदग्रहणाचा थाटमाट सभागृहात चाललेला असतो. समारंभ साधा ठेवावा आणि जो वेळ वाचेल तो दप्तर सोपविण्यास द्यावा. जूनच्या अखेरच्या बैठकीत मावळत्या सचिवाने नव्या सचिवास इतिवृत्ताचे रजिस्टर, हजेरीपट, पासबुके, पावतीपुस्तकांतील न वापरलेल्या पावत्यांचे अनुक्रमांक आणि अपुऱ्या कामांची यादी सर्वांसमोर द्यावी, आणि यादीवर दोघांनी सही करावी. नवा अध्यक्ष नवी योजना घेऊन येतो हे स्वाभाविक आहे. परंतु पहिल्या तीन महिन्यांत त्याने जुन्या यादीतील कामे पुरी करावीत, नारळ फोडण्याची घाई करू नये.

त्या शाळेतील यंत्राची गाळणी आता दर तीन महिन्यांनी बदलली जाते. तारखा रजिस्टरात आहेत. मध्यंतरी दोन अध्यक्ष, एक सचिव आणि शाळेचे मुख्याध्यापकही बदलले, तरी एकही तारीख चुकलेली नाही. वाचकांपैकी जे अद्याप कोणत्याही मंडळाचे सभासद नाहीत, त्यांनी आपल्या भागातील एखाद्या मंडळाच्या सचिवांना फोन करून पाहुणा म्हणून एक बैठक पाहावी. पाहुण्याला वर्गणी नसते. नाश्त्याचे पैसे मात्र विचारून द्यावेत, आणि जाताना रजिस्टर पाहावयास मागावे.